सहा पॉइंट चार

विरार पश्चिमेला एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं रिपोर्ट टाइप केले. आतल्या खोलीत टेक्निशियन रक्त तपासायचा आणि निकाल चिठ्ठीवर लिहून खिडकीतून माझ्याकडे सरकवायचा. चिठ्ठीवरचे आकडे मी कॉम्प्युटरमध्ये भरायचे, डॉक्टर नजर टाकून सही करायचे आणि रिपोर्ट पेशंटच्या फोनवर जायचा. अकरा वर्षांत असे किती आकडे टाकले असतील देव जाणे. त्यातला एकच माझ्या लक्षात राहिला आहे.

सोमवार होता. सोमवारी गर्दी असते, कारण रविवारी लोक पोटभर खातात आणि मग घाबरून उपाशीपोटी रक्त द्यायला येतात. त्या सकाळी एक वयस्कर गृहस्थ आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, सोबत कोणी नाही. वय बहात्तर. "पाणी प्यायलं तर चालतं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चालतं." एवढंच आमचं बोलणं. दुपारी त्यांची चिठ्ठी माझ्याकडे आली. पोटॅशियम, चार पॉइंट सहा. मी टाइप केलं सहा पॉइंट चार.

रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या आसपास असावं लागतं. सहाच्या वर गेलं तर हृदयाचे ठोके चुकण्याची भीती असते. कॉम्प्युटरने आकडा ठळक केला, शेजारी चांदणी काढली. अशा चांदण्या आमच्याकडे रोज दहा-बारा तरी असायच्याच. डॉक्टरांनी सही केली. रिपोर्ट त्या गृहस्थांच्या फोनवर गेला आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही गेला.

त्या डॉक्टरांनी त्यांना लगेच फोन केला. असाल तसे निघा, हॉस्पिटल गाठा, थांबू नका. ते रिक्षाने हॉस्पिटलात गेले. तिथे छातीला वायरी लावून ठोके बघितले, रक्त पुन्हा घेतलं. साडेचार आलं. संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. मला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी, आमच्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा. त्यांनी टेबलावर चिठ्ठी आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"बघा," ते म्हणाले.

मी बघितलं. टेक्निशियनचं अक्षर स्वच्छ होतं. दुसऱ्या कोणावर ढकलावं असं काही नव्हतंच.

"सही माझी आहे," डॉक्टर म्हणाले. "मीही चिठ्ठी बघायला हवी होती. त्यांना काही झालं नाही हे नशीब. पण यापुढे जपून."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं. मी जागेवर आले आणि पुढची चिठ्ठी घेतली. हिमोग्लोबिन अकरा पॉइंट दोन. टाइप केलं, चिठ्ठी बघितली, पडदा बघितला, पुन्हा चिठ्ठी बघितली. तरी पुढच्या चौकोनात जायला बोट तयार होईना. आठवडाभरात माझ्यापुढे चिठ्ठ्यांचा ढीग साचू लागला. लोक काउंटरवर येऊन विचारायचे, "सकाळी रक्त दिलंय, अजून नाही?" दोन महिने तसे काढले आणि मग मी स्वतःच नोकरी सोडली. डॉक्टर थांबा म्हणाले. टेक्निशियनने खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला.

घरी मी एकटी. बोळिंजला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. वडिलांनी निवृत्त झाल्यावर घेतला. आई आधीच गेली होती. माझं लग्न जमलं नाही, आणि पुढे पुढे त्याबद्दल कोणी बोलेनासं झालं. वडिलांचं शेवटचं आजारपण मी नोकरी सांभाळून काढलं. ते गेले त्याला त्या वेळी वर्ष होत आलं होतं. भाऊ नाशिकला असतो, रविवारी फोन करतो. "कशी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." मग तो वहिनीला फोन देतो आणि तीही तेच विचारते.

नोकरी होती तोवर हे एकटेपण अंगावर आलं नव्हतं. आता सकाळी कचरा घेऊन जाणारी बाई बेल वाजवायची आणि मी दार उघडून डबा पुढे करायचे, त्यात बोलायचं काही नसतं. एकदा दुपारी पार्सलवाला आला. "मॅडम, ओटीपी सांगा." मी सांगायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. खाकरून सांगावं लागलं. तेव्हा लक्षात आलं, आदल्या दिवशी दुपारपासून मी एकही शब्द उच्चारला नव्हता. चार आकडे सांगितले, तो "थँक्यू" म्हणाला, लिफ्ट खाली गेली.

बायकांसाठीच्या कॉम्प्युटर क्लासचा कागद मी वाचनालयाच्या फळ्यावर वाचला. प्रोग्रॅमिंगची ओळख, पायथन, पूर्वी काही आलं नसलं तरी चालेल, सकाळी अकरा ते एक. वाचनालयात मी मासिकं चाळायला जायचे. नाव घातलं ते शिकायच्या हौसेने असं नाही म्हणता येणार. ज्या यंत्रात मी अकरा वर्षं आकडे टाकले, त्याने तो एक आकडा न अडवता कसा घेतला, हे मला बघायचं होतं. शिवाय अकरा ते एक कुठेतरी बसायला मिळणार होतं.

शिकवणारी मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची, पाचूबंदरची. वडील बोटीवर, आई मासळी विकते. बीएस्सी करून ती ह्या क्लासवर आली होती. आम्ही सहा जणी तिला टीचर म्हणायचो आणि ती आम्हाला सरसकट ताई म्हणायची, साठीच्या बाईंनाही. शिकवताना तिची भाषा पुस्तकी असायची. मधेच घरून फोन आला की ती खिडकीशी जायची आणि तिथून "पानी आलं का? मग टाकी भर ना आये" असं ऐकू यायचं. परत आली की पुन्हा "तर आपण पाहत होतो". मला ते फार आवडायचं.

पहिल्या आठवड्यात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो नाव विचारतो, वय विचारतो आणि पुढच्या वर्षी तुम्ही किती वर्षांचे व्हाल ते सांगतो. माझा चालला. मग टीचर म्हणाली, "आता वयाच्या जागी काहीतरी भलतंच टाका. अक्षरं टाका." मी टाकलं, बहात्तर. अक्षरांत. का तेच टाकलं ते मलाच माहीत होतं. पडद्यावर भराभरा लाल ओळी आल्या आणि प्रोग्रॅम बंद पडला. मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

टीचर मागोमाग आली. "काय झालं, ताई?"

"काही नाही. गरम होतंय."

तिने माझ्याकडे बघितलं, पण खोदून विचारलं नाही. "ती लाल अक्षरं बघून सगळ्याच घाबरतात," ती म्हणाली. "ते ओरडणं नाही हो. कुठल्या ओळीवर अडलं आणि कशामुळे, ते सांगतंय बिचारं. माणसं तेवढंही सांगत नाहीत."

हळूहळू जमायला लागलं. माणूस काय टाकेल त्याचा भरवसा नाही, हे धरूनच लिहायचं असतं. टाकलेलं अगोदर पकडायचं, त्याचा आकडा होतो का बघायचं, होत नसेल तर बंद न पडता पुन्हा विचारायचं. आकडा झाला तर तो शक्यतेत आहे का बघायचं. वय उणे पाच असत नाही, तीनशे असत नाही. मी वयासाठी ह्या सगळ्या ओळी लिहिल्या. मग वजनासाठी त्याच ओळी खाली उतरवल्या. मग नाडीसाठी पुन्हा. तिसऱ्या ठिकाणी एक शब्द बदलायचा राहिला आणि प्रोग्रॅम नाडी विचारून वजन तपासत बसला.

टीचर शेजारी खुर्ची ओढून बसली. "एकच काम तीनदा का लिहिलंत?"

"तीन प्रश्न आहेत ना."

"प्रश्न तीन आहेत. तपासणं एकच आहे. ते एकदाच लिहा, त्याला नाव द्या आणि लागेल तिथे नावाने बोलवा. बोलवताना फक्त सांगायचं, प्रश्न कोणता, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती."

हेच ते फंक्शन. मी त्याचं नाव ठेवलं संख्या_विचार. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते आकडा नीट तपासायचं, पडद्यावर दाखवायचंही, पण पुढच्या ओळीला मात्र त्याच्याकडून काहीच मिळायचं नाही. अर्धा तास डोकं खाजवलं. टीचरने एका ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही त्याला आकडा दाखवायला सांगितलाय. द्यायला कुठे सांगितलाय? दाखवणं वेगळं, देणं वेगळं." मी एक शब्द बदलला आणि काम झालं. त्या दिवशी मी बोळिंजपर्यंत चालत घरी गेले.

असाच एक दिवस आठवतो. माझ्या कीबोर्डवर चुकून मराठी लिपी चालू राहिली होती आणि मी वयाच्या जागी देवनागरीत ५१ टाकलं. आता लाल ओळी येणार म्हणून मी हात आवरून बसले. काही आलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही बावन्न वर्षांच्या व्हाल असं त्याने मुकाट सांगितलं. टीचरलाही हे ठाऊक नव्हतं. तिने स्वतः टाकून बघितलं, मग बाकीच्या पाचही जणींनी. "ह्याला मराठी येतं म्हणजे!" साठीच्या बाई म्हणाल्या आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो. हसून हसून माझे गाल दुखले. इतक्या दिवसांनी सवय नव्हती.

महिन्याभराने मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर माझा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. रक्ताचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, पोटॅशियम. प्रत्येक ठिकाणी तेच एक फंक्शन, फक्त प्रश्न आणि मर्यादा वेगळ्या. पोटॅशियमला मी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा ठेवलं, कारण त्यापलीकडे माणूस जिवंत असणं कठीण. मग चुका करत बसले. शेहेचाळीस टाकलं, नाही घेतलं. दोन टिंबं टाकली, नाही घेतलं. काहीच न टाकता एंटर दाबलं, नाही घेतलं. अक्षरात पाच लिहिलं, नाही घेतलं. दर वेळी एकच ओळ यायची. बरोबर नाही, पुन्हा टाका. मला फार बरं वाटत होतं. कोणीतरी जागेवर होतं.

मग मी सहा पॉइंट चार टाकलं.

त्याने घेतलं. पुढचा प्रश्न विचारला.

घेणारच होतं. सहा पॉइंट चार असू शकतं, कोणाचं तरी असतंच. हे मला लिहिताना कळत नव्हतं अशातला भाग नाही. तरी मनात कुठेतरी मी धरून चालले होते की नीट शिकले, नीट लिहिलं, तर ते अडेल. मी लॅपटॉप मिटला. भर दुपार होती, खाली कोणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता. मी जेवण केलंच नाही त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मी थांबले आणि टीचरला सगळं सांगितलं. चिठ्ठी, चांदणी, हॉस्पिटल. भावालाही मी हे सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं मी कंटाळून नोकरी सोडली. ती बाकावर बसून ऐकत राहिली.

मग म्हणाली, "आमचे बाबा बोटीवर जातात ना. निघायच्या आधी एक जण पिंपातलं पानी बघतो, बर्फ बघतो, डिझेल बघतो आणि तांडेलाला, बोटीच्या कप्तानाला, सांगतो. मग तांडेल दुसऱ्याला पाठवतो. त्याने पहिल्याचं काही ऐकलेलं नसतं. तोही बघतो, येऊन सांगतो. दोघांचं जुळलं की बोट निघते. पहिल्यावर विश्वास नाही म्हणून नाही करत. माणूस आहे म्हणून करतात."

"म्हणजे दोनदा विचारायचं?"

"दोनदा. आणि नवीन काही लिहायचं नाही. तुमचं फंक्शन आहे ना, तेच दोनदा बोलवा. पहिला आकडा पडद्यावरून पुसून टाका. दोन्ही जुळले तर पुढे, नाही तर पुन्हा पहिल्यापासून."

आम्ही तिथेच लिहिलं, पाच-सहा ओळींत झालं. मी एकदा सहा पॉइंट चार टाकलं, एकदा चार पॉइंट सहा. ओळ आली, दोन्ही आकडे जुळत नाहीत.

"आणि मी दोन्ही वेळा तीच चूक केली तर?" मी विचारलं.

"मग नाही सापडणार," ती म्हणाली. उगीच धीर द्यायची तिला सवय नव्हती. पिशवी खांद्याला लावता लावता तिने विचारलं, "त्या आजोबांना भेटलात?"

"नाही."

"का?"

मी कॉम्प्युटर बंद केला.

पेशंटचा पत्ता असा वापरायचा नसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तो माझ्या डोक्यातून गेला नव्हता, आणि एका शुक्रवारी दुपारी मी बसमध्ये बसून वसईच्या पश्चिमेच्या वाड्यांच्या बाजूला गेले. घर छोटं, स्लॅबचं, मागे केळीची वाडी. ते ओट्यावर बसून कापलेली केळीची पानं मांडीवर पुसून चवड लावत होते. शर्ट इस्त्रीचाच होता.

"पानं हवीत काय, बाय? किती?"

"पानं नकोत. मी लॅबमध्ये होते. तुमचा रिपोर्ट मी टाइप केला होता. तो पोटॅशियमचा आकडा माझ्या हातून चुकला."

त्यांनी हातातलं पान चवडीवर ठेवलं. माझ्याकडे निरखून बघितलं. "पाणी प्यायलं तर चालतं म्हणालात, त्या तुम्ही."

"हो."

"बसा."

मी ओट्याच्या कडेला बसले. माफी मागायची वाक्यं बसमध्ये जुळवली होती, ती सांगून टाकली. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "चूक झाली, तुम्ही येऊन सांगितलं, संपलं. तुमच्या आकड्याचा मला राग नाही. सगळे म्हणाले, काही बिघडलं नाही, नशीबवान आहात. डॉक्टर म्हणाले, पुतणे म्हणाले. हे इथे शेजारीच राहतात पुतणे, पण वाडीवरून आमचं बोलणं नाही. त्यांना दोन दिवसांनी कळलं."

त्यांनी चवड सरळ केली. मला वाटलं एवढंच.

"मी चालत नाक्यावर गेलो आणि रिक्षा पकडली," ते पुढे सांगू लागले. "डॉक्टर म्हणाले होते चालू नका. मग कसा जाणार? हॉस्पिटलात खिडकीवर एक पोरगी कॉम्प्युटर घेऊन बसलेली. नाव, वय, पत्ता, सगळं सांगितलं. मग म्हणते, जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि मोबाइल. मी म्हटलं, कोणी नाही. बायको गेली, मूलबाळ झालं नाही. ती म्हणते, बाबा, काहीतरी सांगा, ते भरल्याशिवाय हे पुढे जात नाही. मी म्हटलं, रिकामं ठेव. ती म्हणते, रिकामं घेत नाही. तिने मला स्क्रीन फिरवून दाखवली. लाल अक्षरं येत होती. मागे लाइन. माझी छाती धडधडते आहे, आता बंद पडेल की मग पडेल, आणि मी डोकं चालवतोय, कोणाचं नाव सांगू."

"मग?"

"रिक्षावाला अजून तिथेच होता. पन्नाशीचा माणूस. तो पुढे आला आणि म्हणाला, मेरा डाल दो. पोरीने विचारलं, नातं काय? तो म्हणाला, भाई लिखो, जल्दी करो. लिहिलं तिने. मग त्याच्या नावाने मला आत घेतलं." त्यांनी पुन्हा एक पान उचललं. "संध्याकाळी सोडलं तेव्हा तो निघून गेला होता. त्याने नाव सांगितलं ते मला नीट ऐकूही आलं नाही. माझ्या कागदावर माझा भाऊ कोण, ते मला माहीत नाही."

माझ्या लॅपटॉपमधल्या फंक्शनला मीच शिकवलं होतं, रिकामं घ्यायचं नाही.

"तर बिघडलं," ते म्हणाले. "सगळे म्हणतात काही बिघडलं नाही. मी आहे एकटा, ते मला ठाऊक होतंच. पण त्या खिडकीवर, लाइनमध्ये, चार लोकांसमोर... ते नसतं कळलं तर माझे दिवस बरे चालले होते."

आतून त्यांनी मला पाणी आणून दिलं. मी प्यायले. भांडं परत घेताना त्यांनी विचारलं, "तुमचं कोण आहे?"

"भाऊ आहे. नाशिकला."

"लांब," ते म्हणाले.

निघताना मी एका कागदावर माझा नंबर लिहून दिला. काही लागलं तर फोन करा, असं मी म्हटलं. त्यांनी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. त्यांचा फोन कधी आला नाही. मीही पुन्हा गेले नाही. जावंसं दोन-तीनदा वाटलं, एकदा तर बसस्टॉपपर्यंत गेले होते. पण मला बघितलं की त्यांना ती खिडकीच आठवणार, असं मनात आलं आणि मी परत फिरले.

घरी आल्यावर मी संख्या_विचारसारखंच दुसरं फंक्शन लिहिलं, आकड्यांऐवजी पेशंटचं नाव, पत्ता, नातेवाईक असा मजकूर भरण्यासाठी. त्यात प्रश्नाबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची सोय ठेवली, उत्तर रिकामं चालेल की नाही. नाव, तारीख, ह्यांना चालणार नाही. बाकीच्यांचं अजून ठरवायचं होतं. टीचरने ते बघितलं आणि विचारलं, "हे कशाला, ताई? रिकामं राहिलं तर नंतर शोधत बसावं लागतं."

"राहू दे," मी म्हटलं. "कधी कधी रिकामं हेच उत्तर असतं."

मग मी तिला आजोबांचं सांगितलं. तिने माझा माउस घेतला आणि प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे नातेवाईक विचारला होता, तिथे स्वतःच्या हाताने "चालेल" करून टाकलं.

क्लास तीन महिन्यांचा होता, तो संपला. टीचरला अंधेरीला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी तिने आम्हाला घरचे सुके बोंबील आणून दिले, वर्तमानपत्रात बांधून. सुरुवातीला तिचे मेसेज यायचे, आता सणावारी येतात. मी प्रोग्रॅम पेनड्राइव्हमध्ये घेऊन जुन्या लॅबमध्येही गेले होते. डॉक्टरांनी तो उघडून बघितला, दोन-तीन चुकीचे आकडे टाकून बघितले, मनापासून हसले. "छान केलंय," म्हणाले. "पण आता मशीन थेट कॉम्प्युटरला पाठवतं. मधे कोणी टाइपच करत नाही." माझ्या जागी पाण्याचा कूलर ठेवला होता. त्यातलं पाणी पिऊन मी निघाले.

पुढे सातिवलीला एका गाळ्यात काम मिळालं. बाटल्यांची झाकणं बनवतात. दर तासाला नमुन्याची झाकणं काढून त्यांची जाडी आणि वजन मोजतात आणि ते आकडे नोंदवावे लागतात. आधी ते चिठ्ठीवर लिहून नंतर कोणीतरी कॉम्प्युटरवर टाकायचं आणि त्यात गोंधळ व्हायचा. मी सुपरवायझरला माझा प्रोग्रॅम दाखवला. दोनदा टाकायचं म्हटल्यावर त्याने तोंड वाकडं केलं. "डबल टाइम जाईल, मॅडम." पंधरा दिवस करून बघा म्हटलं. पंधरा दिवसांत न जुळणारे इतके आकडे निघाले की त्यानंतर तो काही बोलला नाही. फक्त मी एक अट घातली, दुसऱ्यांदा टाकणारी व्यक्ती वेगळी हवी. मग पॅकिंगमधल्या एका बाईला माझ्यासमोरच्या टेबलावर बसवलं.

ती बिहारची, मराठी मोडकंतोडकं बोलते. माझं हिंदी तसंच. सुरुवातीला दिवसभर आमच्यात एकही शब्द नसायचा. तिच्या कॉम्प्युटरवर "जुळत नाही" आलं की ती मान वर करून माझ्याकडे बघते. मी चिठ्ठी उचलून बघते. कधी तिचं चुकलेलं असतं, कधी माझं. माझं असलं की मी हात वर करते, तिचं असलं की ती. हसायचंही आम्ही अलीकडेच सुरू केलं आहे. डबा मात्र ती पॅकिंगच्या बायकांबरोबर खाते आणि मी टेबलावर.

गेल्या महिन्यात ती आठवडाभर आली नाही, मुलाला ताप होता. सुपरवायझर म्हणाला, "तुम्हीच दोन्ही वेळा टाका, काय फरक पडतो." मी टाकले. आधी माझ्या टेबलावर, मग उठून तिच्या खुर्चीत बसून तिच्या कॉम्प्युटरवर. आठवडाभर एकदाही "जुळत नाही" आलं नाही, एरवी दिवसातून दोन-तीनदा तरी यायचं. ती सोमवारी आली तेव्हा मी त्या आठवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या. "ये तो हो गया है ना?" ती म्हणाली.

"फिर से डालो," मी म्हटलं.

ती कुरकुरली, पण खुर्ची पुढे ओढली आणि पहिली चिठ्ठी हातात घेतली.